वर्गांत न आलेलीं मुलें : छायाचित्रकार लुइस हाइन

शाळेची घंटा झाली म्हणजे शिक्षक हजेरीपत्रक उघडतात आणि एकेक नांव पुकारतात. ज्याचें नांव येतें तो ‘हजर’ म्हणतो. जो आलेला नसतो त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण होते. परंतु ज्या मुलांचीं नांवें हजेरीपत्रकांत कधीं लिहिलींच गेलीं नाहींत, त्यांची गैरहजेरी कोण मांडणार? तीं मुलें त्या वेळीं कोठें आहेत आणि काय करीत आहेत, हें पाहावयास कोण जाणार? अमेरिकेंतील एका शिक्षकानें आपली शाळेंतील जागा सोडली व कॅमेरा घेऊन तो अशाच मुलांच्या शोधास निघाला. त्याचें नांव लुइस हाइन. त्याच्या चरित्राचा व कार्याचा परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

लुइस हाइन याचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन संस्थानांतील ऑश्कॉश या गांवीं झाला. १८९२ सालीं त्याचे वडील वारले आणि कोवळ्या वयांतच पोटामागें लागण्याची पाळी त्याच्यावर आली. घरांतील लांकडी सामान तयार करणाऱ्या एका कारखान्यांत तो कामास राहिला. दिवसाचे १३ तास, आठवड्याचे ६ दिवस, आणि आठवड्याचें वेतन ४ डॉलर, असें तें काम होतें. पुढें तेंहि सुटल्यावर त्यानें मिळेल तें काम केलें. बँकेंत झाडलोट करण्यासहि त्यानें कमीपणा मानला नाहीं. गांवच्या अध्यापन-विद्यालयांतील फ्रँक मॅनी नांवाच्या अध्यापकानें या मुलाची ज्ञानाची तळमळ ओळखली व त्यास शिक्षक होण्यास उत्तेजन दिलें. शिकागो विद्यापीठांत कांहीं काळ अभ्यास करून १९०१ सालीं हाइन न्यूयॉर्क येथील एथिकल कल्चर स्कूल या शाळेंत शिक्षक झाला. मॅनी हे तोंवर त्या शाळेचे प्रमुख झाले होते. पुढें कारखान्यांतून जीं मुलें त्यानें पाहिलीं, त्यांच्याकडे परक्या पाहुण्याच्या नजरेनें त्याला पाहतांच आलें नाहीं, याचें मूळ या पूर्वायुष्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

हाइननें कॅमेरा प्रथम हातांत घेतला तो शाळेच्याच कामासाठीं. १९०३ च्या सुमारास मॅनी यांनीं त्याच्यावर शाळेंतील प्रसंगांचीं छायाचित्रें घेण्याचें काम सोंपविलें. त्या वेळीं त्याचें वय तिशीच्या जवळ आलें होतें आणि या कलेचें कसलेंहि शिक्षण त्यानें घेतलेलें नव्हतें. जें स्वतः शिकला तें तो मुलांस शिकवूं लागला. पुढें मोठा छायाचित्रकार म्हणून नांवारूपास आलेला पॉल स्ट्रँड हा त्याच शाळेंत त्याचा विद्यार्थी होता.

त्या काळीं युरोपांतून हजारों निर्वासित व गरीब कुटुंबें आगबोटींनीं अमेरिकेस येत. न्यूयॉर्कच्या बंदरांतील एलिस बेटावर त्यांची तपासणी होई. १९०७ या एका वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसें या बेटावरून देशांत आलीं. शहरांतील सुखवस्तु लोक या नवागतांस तुच्छ लेखीत. तेव्हां मॅनी यांच्या मनांत असें आलें कीं, १६२० सालीं प्लिमथच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आपल्या पूर्वजांविषयीं मुलांस जसा आदर वाटतो, तसाच या नव्यानें उतरणाऱ्यांविषयींहि वाटावा. म्हणून १९०४ पासून हाइन आपला कॅमेरा घेऊन एलिस बेटावर जाऊं लागला. भाषा समजत नाहीं, गर्दी हलत आहे, उजेड अपुरा आहे, अशा स्थितींत खुणांनीं विनवून तो एखाद्या आईस, एखाद्या म्हाताऱ्यास क्षणभर स्थिर उभें करी व चित्र घेई. त्या चित्रांतील माणसें थकलेलीं आहेत, परंतु दीनवाणीं नाहींत. समोरच्या माणसाचा मान राखून त्याचें चित्र घ्यावें, हा हाइनचा पहिला धडा त्यानें येथें गिरविला.

१९०७ सालीं पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरांतील कामगारांच्या राहणीची मोठी पाहणी सुरू झाली. तींतहि हाइननें छायाचित्रें घेतलीं. यानंतर १९०८ सालीं त्यानें शिक्षकाची जागा सोडली व राष्ट्रीय बालमजुरी समितीचा छायाचित्रकार म्हणून तो काम करूं लागला. ही समिति १९०४ सालीं स्थापन झाली होती. लहान मुलांस कारखान्यांतून व खाणींतून बाहेर काढून शाळेंत घालावें, हा तिचा उद्देश होता. हें काम किती मोठें होतें याची कल्पना एका आंकड्यावरून येईल : १९१० च्या खानेसुमारींत १० ते १५ वर्षें वयाचीं सुमारें २० लाख मुलें पोटासाठीं काम करतांना आढळलीं. परंतु आंकडा वाचून कोणाचें मन हलत नाहीं. ‘वीस लाख’ हे शब्द उच्चारावयास सोपे. त्या वीस लाखांतील एका मुलाचा चेहरा विसरणें मात्र कठीण. समितीला तो चेहरा हवा होता.

तो मिळविणें सोपें नव्हतें. कॅमेरा घेऊन आलेल्या माणसास कारखानदार सुखासुखीं आंत येऊं देत नसत. मुकादमांकडून धाकदपटशा होई. म्हणून हाइन निरनिराळीं सोंगें घेई. कधीं तो आगीच्या बंदोबस्ताची पाहणी करणारा तपासनीस होई, कधीं बायबल विकणारा, तर कधीं पोस्टकार्डें विकणारा. कधीं तो सांगे कीं, आपण केवळ यंत्रांचीं चित्रें घेण्यास आलों आहों. मग यंत्र किती उंच आहे हें चित्रांत कळावें म्हणून शेजारीं एखादें मूल उभें करूं द्यावें, अशी विनंति करी. मुकादम यंत्राकडे पाही. हाइनचें लक्ष मुलाकडे असे. आंत जाणें अगदींच अशक्य झालें, तर पहाटे किंवा संध्याकाळीं पाळी बदलण्याच्या वेळीं तो फाटकाबाहेर उभा राही आणि आंत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या मुलांचीं चित्रें घेई.

त्याचें साहित्यहि आजच्यासारखें हलकें नव्हतें. लांकडी पेटीसारखा कॅमेरा, त्याची तिवई, ५ इंच रुंद व ७ इंच लांब अशा कांचा, आणि अंधारांत उजेड पाडण्यासाठीं मॅग्नेशियमची भुकटी, एवढें ओझें घेऊन तो गांवोगांव फिरे. कांचेवर प्रकाशास संवेदनशील असा लेप असे. एका कांचेवर एकच चित्र उमटे. गिरणींत किंवा खाणींत उजेड थोडा, म्हणून ही भुकटी पेटवावी लागे. क्षणभर डोळे दिपविणारा भपका होई आणि मागून पांढरा धूर पसरे. एवढा बोभाटा झाल्यावर दुसरें चित्र घेण्यास सवड मिळेलच याची खात्री नसे. त्यामुळें काय दाखवावयाचें याचा निश्चय भुकटी पेटविण्यापूर्वींच करावा लागे.

परंतु आमच्या मतें हाइनचें खरें कौशल्य कॅमेऱ्यापेक्षां त्याच्या खिशांत होतें. कोटाच्या खिशांतल्या खिशांत हात घालून, वर न पाहतां, तो कागदाच्या तुकड्यावर टिपणें करी. मुलाचें नांव काय, वय किती, काम कोणतें, किती तास, मजुरी किती, कामास लागून किती दिवस झाले, हें बोलतां बोलतां विचारून घेई. मुलाची उंची मोजण्याची त्याची युक्ति मोठी मौजेची होती. आपल्या बंडीचें प्रत्येक बटण जमिनीपासून किती इंच उंच आहे हें त्यानें आधींच मोजून ठेविलें होतें. मूल जवळ उभें राहिलें म्हणजे त्याचें डोकें कितव्या बटणाशीं येतें हें पाहून त्याची उंची त्याला कळे, आणि मोजमाप चाललें आहे याचा संशयहि कोणास येत नसे. वयाविषयीं शंका असल्यास तो घरीं जाऊन आईबापांस विचारी, आणि घरच्या बायबलांत लिहिलेली जन्माची नोंद मिळाल्यास तीहि पाही. हें सर्व त्या त्या चित्राखालीं लिहिलें जाई.

आतां त्याच्या चित्रांपैकीं कांहींची ओळख करून घेऊं. १९०८ सालच्या डिसेंबरांत नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील व्हिटनेल येथील कापसाच्या गिरणींत त्यानें एका मुलीचें चित्र घेतलें. सूत कांतण्याच्या यंत्रांची लांबच लांब रांग आहे आणि तिच्यापुढें ही लहानगी एकटी उभी आहे. हाइनची नोंद सांगते कीं, तिची उंची ५१ इंच; गिरणींत येऊन एक वर्ष झालें; कधीं कधीं रात्रपाळीहि करते; रोजची मजुरी ४८ सेंट. वय विचारतांच ती अडखळली व आठवत नाहीं म्हणाली. मग हळूच जवळ येऊन तिनें सांगितलें कीं, कामावर येण्याइतकें आपलें वय झालेलें नाहीं, तरी आपण काम करतों. त्या गिरणींत ५० कामकरी होते आणि त्यांतील १० जण तिच्याच एवढे होते. पुढच्याच महिन्यांत जॉर्जिया संस्थानांतील मेकन येथें घेतलेल्या एका चित्रांत मुलगे इतके लहान आहेत कीं, तुटलेला धागा जोडण्यासाठीं त्यांना चालत्या यंत्रावर चढून उभें राहावें लागत आहे.

दुसरें चित्र खाणीवरचें आहे. १९११ सालच्या जानेवारींत पेनसिल्व्हेनियांतील साउथ पिट्स्टन येथें त्यानें तें घेतलें. खाणींतून आलेला कोळसा फोडून उतरत्या पन्हळींतून खालीं सोडीत, आणि पन्हळींवर बसलेले मुलगे पायांखालून वाहणाऱ्या त्या कोळशांतील दगड हातांनीं वेंचून काढीत. दिवसभर पाठ वांकवून बसावयाचें. बोटें सोलवटून निघत. चित्रांत अशा मुलांच्या रांगा दिसतात, आणि धूळ इतकी दाट आहे कीं, मागच्या रांगेंतील मुलें पुसट झालीं आहेत. हाइननें खालीं लिहिलें कीं, ही धूळ मुलांच्या फुप्फुसांच्या आंतल्या कोपऱ्यापर्यंत जाते, आणि जो काम सोडून इकडे तिकडे पाहील त्याला ढोसण्यासाठीं कधीं कधीं एक माणूस मागें उभा असतो.

तिसरें चित्र समुद्रकांठचें. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें लुइझियानांतील डनबार येथील कालवें फोडण्याच्या कारखान्यांत तो गेला. तेथें अगदीं तान्हीं मुलें सोडून बाकीचीं सारीं मुलें कामास बसलेलीं त्याला दिसलीं. काम पहाटे साडेतीनला सुरू झालें होतें आणि संध्याकाळीं पांचपर्यंत चालावयाचें होतें. एका चिमुकल्या मुलीच्या आईनें त्याला कौतुकानें सांगितलें कीं, पोरीची आपल्याला खरोखर मदत होते. या एका वाक्यांत त्या काळचें सारें दुःख सांठविलेलें आहे. आई निर्दय नव्हती. ती गरीब होती. मोठ्यांस पुरेशी मजुरी मिळत नव्हती म्हणून मुलें कामास येत, आणि मुलें स्वस्तांत मिळत म्हणून मोठ्यांची मजुरी वाढत नव्हती. हें चक्र कोणी तरी बाहेरून थांबविल्यावांचून थांबणारें नव्हतें.

येथें एक प्रश्न आमच्या विचारी वाचकांच्या मनांत खास येईल. जो माणूस खोटें सोंग घेऊन आंत शिरतो, त्याच्या चित्रांवर विश्वास कां ठेवावा? प्रश्न योग्य आहे, आणि आम्हीहि त्याला बगल देऊं इच्छीत नाहीं. हाइनला ही अडचण चांगली ठाऊक होती. १९०९ सालच्या एका भाषणांत त्यानें स्वतःच बजावलें कीं, छायाचित्र खोटें बोलत नसलें, तरी खोटें बोलणारे लोक छायाचित्रें काढूं शकतात. चित्रांत भलतेंच कांहीं घालून किंवा हवें तें गाळून लोकांस फसवितां येतें, आणि एक चित्र जरी खोटें ठरलें तरी हजारों खऱ्या चित्रांचें मोल जातें. म्हणूनच तो बटणांनीं उंची मोजी. म्हणूनच वयाची शहानिशा करी. दारांतून आंत जातांना त्यानें आपलें नांव लपविलें, पण आंतील वस्तुस्थिति लपविली नाहीं किंवा वाढविलीहि नाहीं. त्याचें सोंग सर्वस्वीं निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र ज्या दारामागें लहान मुलें राबत होतीं, तें दार उघडण्याची दुसरी वाट त्याच्यापुढें नव्हती, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

हीं चित्रें पेटींत पडून राहिलीं नाहींत. मासिकांतून व पत्रकांतून तीं छापून आलीं. प्रदर्शनांतून मोठ्या तक्त्यांवर लागलीं. व्याख्यानांतून जादूच्या दिव्यानें पडद्यावर दाखविलीं गेलीं. गिरणी कधीं न पाहिलेल्या गृहस्थांना आपल्या अंगावरील कापड कोणाच्या हातचें आहे हें प्रथमच दिसलें. १९०८ पासून सुमारें दहा वर्षें हाइन हें काम करीत राहिला आणि त्यानें पांच हजारांवर छायाचित्रें जमविलीं. त्या समितीचे चिटणीस ओवेन लव्हजॉय यांनीं पुढें त्याला असें लिहिलें कीं, बालमजुरीची हकीकत लोकांसमोर आणण्यांत इतर सर्व प्रयत्नांहून तुमच्या कामाचा वांटा मोठा आहे.

तथापि फळ लगेच हातीं आलें, असें मात्र झालें नाहीं. १९१२ सालीं मुलांच्या हितासाठीं केंद्र सरकारचें स्वतंत्र खातें निघालें. १९१६ सालीं कायदा झाला कीं, १४ वर्षांखालील मुलें ज्या कारखान्यांत राबतात, तेथील माल एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत पाठवूं नये. परंतु नॉर्थ कॅरोलायनांतील एका बापानें, आपल्या दोन मुलांस गिरणींत काम करण्याची मोकळीक असावी म्हणून, या कायद्याविरुद्ध दाद मागितली. १९१८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं चौघांच्या विरुद्ध मत देऊन तो कायदा रद्द केला. कांहीं वर्षांनीं एका बातमीदारानें त्या मुलांपैकीं एकाला गांठून विचारलें कीं, या निकालानें तुला काय मिळालें? तो तोंवर तरुण झाला होता, पण अंगानें किरकोळच राहिला होता. आपलें शिक्षण बुडालें, तो कायदा राहिला असता तर बरें झालें असतें, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. खटला जिंकणाऱ्यानेंच काय गमावलें, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती असणार?

१९१९ सालीं केलेला दुसरा कायदाहि १९२२ सालीं रद्द झाला. तरीहि संस्थानांचे स्वतःचे कायदे, सक्तीचें शिक्षण, आणि मुलांच्या हातांची गरज न उरलेलीं नवीं यंत्रें, यांमुळें काम करणाऱ्या मुलांची संख्या उतरत गेली. १९३० च्या खानेसुमारींत ती सात लाखांच्या आंत आली होती. अखेर १९३८ सालीं केंद्र सरकारचा भक्कम कायदा झाला आणि बहुतेक कारखान्यांत १६ वर्षांखालील मुलांस मज्जाव झाला. शेतांवर राबणाऱ्या मुलांस मात्र त्याचें संरक्षण पुरतें मिळालें नाहीं. हाइननें गिरणीची पायरी चढल्यापासून या कायद्यापर्यंत तीस वर्षें लोटलीं होतीं. एवढ्या काळांत त्याच्या चित्रांतील मुलांचीं स्वतःचीं मुलें मोठीं झालीं होतीं.

हाइनचें उत्तरायुष्य सुखांत गेलें नाहीं. १९१८ सालीं रेडक्रॉसबरोबर युरोपांत जाऊन त्यानें युद्धानें उध्वस्त झालेल्या लोकांचीं चित्रें घेतलीं. १९३० सालीं न्यूयॉर्कमध्यें एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत उभी राहत होती. तेव्हां वयाच्या छपन्नाव्या वर्षीं तो पोलादी तुळयांवर कामगारांबरोबर चढला आणि उंच आकाशांत लोंबणाऱ्या पाळण्यांतून त्यानें त्यांचीं चित्रें घेतलीं. त्यांतून १९३२ सालीं ‘मेन ॲट वर्क’ हें मुलांसाठीं पुस्तक निघालें. आधीं दुःख दाखविणाऱ्या त्याच कॅमेऱ्यानें आतां श्रमाची प्रतिष्ठा दाखविली. परंतु पुढें काम मिळेनासें झालें. कर्जापायीं राहतें घर गेलें. १९३९ सालच्या नाताळांत पत्नी वारली. आणि ३ नोव्हेंबर १९४० रोजीं हाइननें दारिद्र्यांत देह ठेविला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, फेब्रुवारी १९४१ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें १९३८ चा कायदा वैध ठरविला व १९१८ चा आपलाच निकाल रद्द केला. तो निर्णय ऐकण्यास हाइन उरला नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर त्याचीं चित्रें घेण्यास एका मोठ्या संग्रहालयानें नकार दिला. आज मात्र अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयांत बालमजुरीविषयींचीं तीं पांच हजारांवर छायाचित्रें त्यांच्या नोंदींसह जपून ठेविलेलीं आहेत.

ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. आपल्या देशांत कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालीं झाला, तेव्हां ७ वर्षांच्या मुलानें दिवसाचे ९ तास काम करण्यास त्यांत मुभा होती. मुंबईच्या गिरण्यांनाहि हाच कायदा लागू होता. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २४ व्या अनुच्छेदानें १४ वर्षांखालील मुलास कारखान्यांत, खाणींत किंवा धोक्याच्या कामावर लावण्यास बंदी केली. तरीहि रस्त्यानें जातांना डोळे उघडे ठेवले, तर हजेरीपत्रकाबाहेरचीं मुलें अजूनहि दिसतात.

विद्यार्थिमित्रांनो, आज चित्र घेण्याचें साधन घरोघरीं झालें आहे. हाइनला एका चित्रासाठीं जें ओझें वाहावें लागे, त्याचा शतांशहि आपणांस वाहावा लागत नाहीं. म्हणून त्याच्यापासून घेण्यासारखा धडा ओझ्याचा नसून टिपणाचा आहे. चित्र घ्याल तेव्हां खालीं लिहा : कोठें, केव्हां, कोणाचें, आणि हें खरें कशावरून. समोरच्या माणसाचा मान राखा. जें पाहिलें नाहीं तें लिहूं नका. आणि जें पाहिलें आहे तें कोणास आवडणार नाहीं म्हणून टाकूंहि नका. आणि पालकहो, पोरीची मदत होते असें म्हणणाऱ्या त्या आईस आपण दोष देऊं नये. परंतु आपल्या घरीं कामास येणारें मूल कोणत्या शाळेंत जातें, एवढें एकदां तरी विचारावें. उद्यां घंटा झाल्यावर वर्गांत नांवें पुकारलीं जातील. ज्यांनीं ‘हजर’ म्हटलें त्यांनीं, ज्यांचें नांव पुकारलेंच गेलें नाहीं त्यांची क्षणभर आठवण करावी, इतकीच आमची विनंति आहे.